सायकलची बैठक

पावसाळा सरून आकाश निवळले, की नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर पहाटे सायकलस्वारांची रांग दिसू लागते. कोणी सोमेश्वरपर्यंत जाऊन परततो, कोणी धरणापर्यंत मजल मारतो, आणि ज्यांच्या पायांत बळ अधिक ते त्र्यंबकेश्वरची वाट धरतात. हे दृश्य मोठे प्रसन्न असते. परंतु त्याच रस्त्यावरील इमारतींच्या जिन्यांखाली कोणी डोकावून पाहिले, तर दुसरेही एक दृश्य नजरेस पडते. तेथे मोठ्या हौसेने विकत घेतलेल्या आणि महिना-दीड महिना वापरून टाकून दिलेल्या सायकली धूळ खात उभ्या असतात. त्यांची चाके शाबूत असतात, साखळी शाबूत असते, ब्रेकही लागतात. मालकास विचारावे, तर तो वय झाल्याचे सांगतो, वेळ मिळत नसल्याचे सांगतो, रस्त्यांची निंदा करतो. थोडे खोदून विचारले म्हणजे मग खरे कारण संकोचाने बाहेर येते. त्याला सायकलवर बसवत नाही.

हा संकोच हाच या विषयातील पहिला अडथळा होय. गुडघा दुखला तर मनुष्य चारचौघांत सांगतो. मान अवघडली तर घरातील सर्वांना ऐकवतो. बैठकीचे दुखणे मात्र सभ्य समाजात बोलावयाचे नाही, असा अलिखित नियम असल्यामुळे ते कोणी सांगत नाही, आणि म्हणून त्याचा उपायही कोणी विचारीत नाही. फार तर दुकानदाराकडे जाऊन एक मऊ गादीचे आवरण आणले जाते. त्याने दोन दिवस बरे वाटते, आणि तिसऱ्या दिवशी दुखणे पुन्हा हजर होते. यावरून तो गृहस्थ असा निष्कर्ष काढतो, की सायकल हे वाहन आपल्या प्रकृतीला मानवत नाही. वस्तुतः दोष प्रकृतीचाही नसतो आणि सायकलीचाही नसतो. वीतभर लांबीची एक वस्तू चुकीच्या मापाची असते, किंवा माप बरोबर असून चुकीच्या जागी बसवलेली असते, एवढेच.

नाशिकला सायकलचे वेड नव्याने लागले, त्यास एक अभिमानास्पद कारण आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची एक शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा बंधूंनी 2015 साली जोडीने ती शर्यत पुरी केली. दोघांच्या संघास 9 दिवसांची मुदत असते. त्यांनी ते अंतर 9 दिवसांच्या आत तोडले, आणि असे करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पुढे 2017 साली नाशिकमध्ये सेवेत असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने 12 दिवसांच्या मुदतीत संपविली; एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही त्यांच्या पाठोपाठ पोहोचले. या पराक्रमांच्या वार्ता वाचून ज्यांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, अशा पुष्कळांनी सायकली घेतल्या. त्यांनी घेतल्या मात्र शर्यतीच्या घाटाच्या सायकली, आणि अशा सायकलीवर शर्यतीच्या घाटाचीच बैठक असते. ती अरुंद, कठीण, आणि पुढे निमुळत्या चोचीसारखी असते.

शर्यतपटूला ती बैठक का चालते, हे समजून घेतले पाहिजे. सायकलवर मनुष्याचे वजन तीन ठिकाणी वाटले जाते : पायडलवर, हँडलवर आणि बैठकीवर. जो जोराने पायडल मारतो, त्याचे पुष्कळसे वजन त्याचे पायच उचलून धरतात; शिवाय तो पुढे वाकलेला असल्यामुळे काही भार हातांवर जातो. बैठकीच्या वाट्याला त्या मानाने थोडेच उरते. उलट, भाजी आणावयास रविवार कारंज्यापर्यंत सावकाश जाणारा गृहस्थ ताठ बसतो, पाय हलकेच फिरवतो, आणि आपले जवळजवळ सगळे वजन बैठकीवर टाकतो. म्हणजे ज्याला कमी आधार पुरतो तो दिवसभर सायकल चालवणारा वीर, आणि ज्याला अधिक आधार हवा तो अर्ध्या तासाचा साधा माणूस! शर्यतपटूची बैठक घेतल्याने शर्यतपटूचे पाय मिळत नाहीत.

या बैठकीला आज सर्वत्र सीट म्हणतात. जुन्या भाषेत बोलावयाचे तर हे सायकलचे खोगीरच. तिचा उगमही खोगिराच्या धंद्यातच आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाच्या गृहस्थाने 1866 साली घोड्याच्या साजाचा आणि कातडी सामानाचा कारखाना काढला. त्याचा घोडा मेला, दुसरा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने कामावर जाण्यासाठी एक सायकल उसनी आणली, आणि तिची बैठक इतकी जाचक निघाली की ती सुधारण्याचा त्याने निश्चय केला, अशी त्या कारखान्याची परंपरागत कथा आहे. कथा कथेच्या ठिकाणी राहो. 1882 साली त्याने बैठकीचे पहिले पेटंट घेतले, ही गोष्ट मात्र निश्चित आहे. त्याची युक्ती फार सुंदर होती. लोखंडी सांगाड्यावर जाड कातडे ताणून बसवावयाचे, म्हणजे ते झोळीसारखे बसणाऱ्याचे वजन पेलते, आणि काही शेकडो किलोमीटर वापरल्यावर त्या माणसाच्या हाडांच्या जागी त्यास आपोआप खळगे पडतात. जुना जोडा जसा एकाच पायाचा होऊन जातो, तद्वत ही बैठक एकाच माणसाची होऊन जाते. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींवर जी रुंद, खाली स्प्रिंगा असलेली कातडी बैठक असे, ती याच कुळातली. तिची पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु ताठ बसून मध्यम गतीने जाणाऱ्यासाठी तिच्याहून शहाणी बैठक अजून निघालेली नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. तिचा वैरी एकच, तो म्हणजे पाऊस. भिजलेल्या कातड्यावर बसले, की ते ताणून सैल पडते आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात अशा बैठकीवर पिशवी बांधून ठेवावी, आणि तिला तेल चोपडण्याचा मोह टाळावा. तेलाने कातडे मऊ होते खरे, पण त्याचा ताणही जातो.

आता शरीराकडे वळावे. माणूस कठीण बाकावर ताठ बसला, म्हणजे त्याच्या कटीचा खालचा भाग दोन हाडांच्या टोकांवर टेकतो. वैद्यकाच्या भाषेत या हाडास आसनास्थी म्हणतात. नाव किती यथार्थ आहे पाहा. निसर्गाने बसण्याचा भार पेलण्यासाठी ही दोन टोके दिली आहेत. त्या दोहोंच्या मधील मऊ भागातून मात्र नाजूक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, आणि त्या भागावर भार पडावा अशी निसर्गाची योजना नाही. सुखद बैठक कोणती, याचे उत्तर यातच आहे. जी बैठक भार दोन हाडांवर घेते आणि मधला भाग मोकळा ठेवते ती चांगली. जी हाडांना टेकू न देता मधल्या भागाला दाबते ती वाईट, मग ती कितीही मऊ असो.

किंबहुना मऊपणानेच पुष्कळदा घात होतो. जाड, लिबलिबीत गादीवर बसले, की हाडे तीत रुततात, आणि हाडे खाली गेली म्हणजे गादीचा मधला भाग वर उचलला जाऊन नको त्या जागी दाब देतो. दुकानात अंगठा दाबून बैठक पसंत करणारे गिऱ्हाईक याच फसगतीत सापडते. अंगठा म्हणजे आसनास्थी नव्हे, आणि दुकानातील अर्धे मिनिट म्हणजे त्र्यंबकचा रस्ता नव्हे. मराठीत निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतात. तो शब्द ज्याने प्रथम वापरला, त्याला घोड्याच्या खोगिराची चांगली माहिती असली पाहिजे.

दोन हाडांमधील अंतर प्रत्येकाचे निराळे असते. स्त्रियांत ते सरासरीने अधिक असते. परंतु सरासरीवर विसंबून बैठक घेऊ नये, कारण बारीक अंगाच्या माणसाचेही हे अंतर मोठे असू शकते आणि स्थूल माणसाचे लहान. ते मोजण्याचे साधन मात्र नाशिकमध्ये घरोघर सापडते. द्राक्षांच्या पेटीचा पन्हाळी पुठ्ठा घ्यावा, तो कठीण स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यानिशी त्यावर बसावे, पायांखाली एखादा पाट घेऊन गुडघे थोडे उंच करावे, आणि थोडे पुढे वाकून मिनिटभर स्वस्थ राहावे. उठून पाहिले, की पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. बोटांनी चाचपून त्यांचे मध्य ठरवावे आणि मधले अंतर पट्टीने मोजावे. ते बहुधा 10 ते 14 सेंटिमीटरांच्या आसपास भरते. या अंतराहून बैठकीचा मागील रुंद भाग सुमारे 2 ते 3 सेंटिमीटर अधिक असावा. ताठ बसणाऱ्यास त्याहून थोडा जास्त असला तरी चालतो. मात्र भीतीपोटी फारच रुंद बैठक घेतली, तर पायडल मारताना मांड्या तिच्या कडांना घासू लागतात, आणि एक दुखणे जाऊन दुसरे येते.

काही बैठकींना मधोमध लांबट खाच ठेवलेली असते. ही खाच पुष्कळांना मानवते. काहींना तिच्या कडाच बोचतात. याहून पुढची पायरी म्हणजे चोचच नसलेली बैठक. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना बधिरपणाचा त्रास होई, म्हणून तेथील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने सुमारे 90 पोलिसांना सहा महिने अशी बिनचोचीची बैठक वापरावयास देऊन पाहिली. 2008 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी दर शंभरांत 27 जणांना बधिरपणा जाणवत नव्हता. सहा महिन्यांनंतर ती संख्या 82 वर गेली. अशा बैठकीवर तोल सांभाळण्याची सवय नव्याने करावी लागते, हे खरे. परंतु ज्याला बधिरपणा वारंवार येतो, त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. मुंग्या येऊ लागताच पायडलवर उभे राहावे, किंवा सरळ उतरून चालावे. आणि बैठक नीट करूनही त्रास राहिला तर संकोच सोडून डॉक्टरकडे जावे. हाडांच्या जागी पहिले आठ-दहा दिवस होणारी ठणक ही निराळी गोष्ट आहे. ती नव्या तालमीत येणाऱ्याच्या दंडांतील ठणकेसारखी असते आणि आपोआप निवते. हाडांचे दुखणे सोसावे; मधल्या भागाचा बधिरपणा सोसू नये.

एवढे करून योग्य बैठक घरी आली, तरी काम निम्मेच झाले. कारण तीच बैठक बोटभर वर-खाली झाली, की सुखाची दुःखद होते. आणि येथेच आपल्या लोकांची जुनी चूक आहे. सायकलवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत, या समजुतीने बैठक अगदी खाली बसवतात. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा छातीकडे येतो, मांडीचा जोर वाया जातो, पायांनी उचलावयाचे वजनही बैठकीवर पडते, आणि गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागते. त्यानंतर घरचे लोक म्हणतात, गुडघ्यांना सायकल वाईट!

उंची ठरविण्याची सोपी रीत अशी. सायकल भिंतीला टेकवून बसावे, पायडल अगदी खालच्या टोकाला आणावे, आणि त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत पाय गुडघ्यात जेमतेम सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला कलू नये. नंतर पाऊल नेहमीप्रमाणे, म्हणजे चवड्याखाली पायडल येईल असे ठेवले, की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. ज्यांना गणित आवडते त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. ग्रेग लेमाँड या अमेरिकी शर्यतपटूने 1980 नंतरच्या दशकात ती लोकप्रिय केली. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, मांड्यांमध्ये एक पुस्तक घट्ट वर धरावे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. त्या मापास 0.883 ने गुणले, म्हणजे पायडलचे दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचे अंतर निघते. माप 80 सेंटिमीटर असेल तर उत्तर 70.6 येईल. हा आकडा वेदवाक्य नव्हे. जाड तळव्याचा बूट घातला तरी त्यात फरक पडतो. तो आरंभबिंदू समजावा.

अशा उंचीवर पाय जमिनीला कसे पोहोचणार, ही शंका रास्त आहे. उत्तर असे, की थांबताना बैठकीवर बसून राहावयाचेच नसते. ब्रेक लावीत पुढे सरकून एक पाय खाली टेकावयाचा असतो. ही सवय दोन दिवसांत जडते. तरीही मेन रोडच्या गर्दीतून रोज जावे लागणाऱ्याने, विशेषतः साठी उलटलेल्याने, बैठक एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवली तर त्याला कोणी दोष देऊ नये. पडण्यापेक्षा थोडा जोर वाया गेलेला बरा. दांडा वर काढताना मात्र त्यावर कोरलेली मर्यादेची रेघ पाहावी. ती रेघ नळीच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर आली तर दांडा वाकण्याचा किंवा नळी फाटण्याचा धोका असतो.

उंचीनंतर कल. बैठकीवर लांब फूटपट्टी ठेवून तिच्यावर गवंड्याची पाण्याची लेव्हल ठेवावी. आरंभी बैठक अगदी आडव्या पातळीत असावी. चोच वर झाली, की मधला भाग दबतो. याला भिऊन पुष्कळ जण चोच एकदम खाली झुकवतात. मग शरीर सारखे पुढे घसरू लागते, त्याला हातांनी मागे रेटावे लागते, आणि तासाभरात मनगटे दुखून तळहातांना मुंग्या येतात. तळहाताच्या दुखण्याचे मूळ बैठकीत असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या पद्धतीच्या पकडीला दाते असल्यामुळे कल एकेका दात्याने बदलतो, आणि अधले-मधले माप मिळत नाही. नव्या दांड्यांवर तो पाहिजे तितका बारीक बदलता येतो. साधा दांडा बदलून नवा घेणे हा बैठक बदलण्याहून स्वस्त उपाय ठरण्याचा संभव असतो.

मग पुढे-मागे सरकवणे. पायडलचे दोन्ही दांडे आडव्या रेषेत आणून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा. तो सुमारे पायडलच्या आसावर पडला, म्हणजे ठीक. बैठक मागे सरकवली की पायडलपासूनचे अंतरही वाढते, म्हणून उंची पुन्हा एकदा पाहावी. हे सर्व करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही थोडी, आणि दोन-तीन दिवस चालवून मग पुढची. एकाच दुपारी उंची, कल आणि जागा तिन्ही बदलणाऱ्याला कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. गुडघा पुढून दुखला तर बैठक खाली असल्याचा संशय घ्यावा. मागून ताणला तर वर असल्याचा. मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलताना दिसली, तर बैठक निश्चित उंच आहे. यासाठी घरातील कोणाला तरी रस्त्यावर उभे करून आपली कंबर पाहावयास सांगावे लागते; तेवढी चेष्टा सोसण्याची तयारी ठेवावी.

मुलांच्या बाबतीत हे काम एकदा करून भागत नाही. वाढत्या अंगाच्या मुलाला सायकल मोठी घेतात, बैठक एकदा मिस्त्रीकडून खाली करवून आणतात, आणि पुढे तीन वर्षे तिला कोणी हात लावीत नाही. मूल वीतभर वाढते, बैठक तेथेच राहते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात; त्या मुलींना तर रोज कित्येक किलोमीटर जावे-यावे लागते. शाळेत एक पाना आणि एक पट्टी ठेवून सहामाही परीक्षेच्या सुमारास प्रत्येक सायकलची बैठक पाहिली, तर शाळेचा एक तास जाईल. त्या तासाने काही मुलींचे गुडघे वाचतील, आणि कदाचित एखादीची शाळाही.

कपड्यांविषयी थोडे. जाड शिवणीची विजार हे उत्तम बैठकीचेही वाटोळे करते, कारण तिची चारही शिवणींची गाठ नेमकी नको तेथे येते. लांब पल्ल्याला अस्तर असलेली सायकलची चड्डी उपयोगी पडते. मात्र ती घालून वर बैठकीलाही गादीचे आवरण चढवू नये. आणि टायरमधील हवा! बैठकीला दोष देण्यापूर्वी ती पाहावी. टायर दगडासारखे फुगवले, तर रस्त्यावरील प्रत्येक खडा थेट हाडांपर्यंत पोहोचतो. डनलॉपने 1888 साली हवेचे टायर काढले, त्यापूर्वीच्या सायकलींना भरीव रबरी धावा असत, म्हणून त्या काळी स्प्रिंगांचे एवढे महत्त्व होते. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत, आणि हलक्या अंगाच्या माणसाने त्यातही कमी ठेवावी.

बैठक मनासारखी बसली, की दांडा नळीत शिरतो त्या जागी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी, आणि मापे एका कागदावर टिपून ठेवावीत. सायकल धुण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा शेजारच्या मुलाला उसनी गेली, म्हणजे बैठक हमखास हललेली परत येते. मग पाना खिशात घालून पहिली फेरी सोमेश्वरपर्यंतचीच करावी. तेथे धबधब्यापाशी उतरून पाहावे, की दुखते ते कोठे. हाडांत थोडे दुखत असेल तर आठवडाभर तसेच चालवावे. अन्य कोठे दुखत असेल तर तेथेच पाना काढावा. त्र्यंबकेश्वर 28 किलोमीटरांवर आहे, आणि ते कोठे जात नाही.